ताईच्या हाताला पोचणारी बटणं

ताई सकाळी कधी फोन करत नसे. सकाळचा वेळ तिचा आणि भाऊजींचा असायचा. तिला उठवून बसवायचं, अंघोळ, वेणी, मग चहा आणि पेपर... या सगळ्यात त्यांचे नऊ-दहा वाजायचे. त्यामुळे त्या दिवशी पोळ्या लाटताना फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच मी लाटणं बाजूला ठेवलं. "वासू, तू ये," ती म्हणाली. मी विचारलं, काय झालं? "हे बाहेरच्या ओट्यावर बसलेत. चहा घेऊन बसलेत. मी मघापासून हाका मारतेय, पण उठत नाहीत." आवाज अगदी सरळ होता, दूधवाला आला नाही असं सांगावं तसा. मी म्हटलं, जानकी कामाला आली असेल, तिला बोलाव, पाणी मार तोंडावर. त्यावर ती म्हणाली, "जानकी आलीय. तिनेच मला सांगितलं. मला चौकटीपर्यंतच जाता येतं ना गं... तू ये."

डहाणूहून रानशेतला जायला रिक्षा मिळाली. रस्ता ओळखीचा, तरी त्या दिवशी संपेना. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि भाऊजींना आत आणून चटईवर निजवलं होतं. गावातले डॉक्टर येऊन गेले होते. झोपेत जावं तसे बसल्या जागी गेले, हृदयच थांबलं, एवढंच ते म्हणाले. ताई व्हीलचेअरवर त्यांच्या डोक्याशी होती. तिला खाली वाकता येत नव्हतं म्हणून जानकीने भाऊजींचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला होता. निखिल, त्यांचा मुलगा, पुण्याहून दुपारी पोचला. त्यानंतर सगळं आटोपलं.

संध्याकाळ झाली आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. घर माणसांनी भरलेलं होतं. अंधारून आलं तसं कुणीकुणी दिवा लावायला उठू लागलं. हात भिंतीवर नेहमीच्या उंचीला जायचा, तिथे एक पांढरी गुळगुळीत प्लेट हाताला लागायची, पण तिच्यावर बटणच नसायचं. एकजण या खोलीत चाचपतोय, दुसरा त्या खोलीत. भाऊजींच्या चुलतभावांनी मला हळूच विचारलं, "लाइट गेलीय का?" तेवढ्यात ताईने खुर्चीतून हात बाजूला नेला आणि बटण दाबलं. खोली एकदम उजळली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "खाली आहेत बटणं," ती म्हणाली, "माझ्या हाताशी आहेत." आणि मग दिवसभरात पहिल्यांदा तिचा बांध फुटला.

ती बटणं खाली कशी आली ते मला लिहून ठेवायचं आहे. भाऊजींविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला ते सगळ्यात जास्त कळले ते या बटणांमुळे.

मधुकरभाऊजी मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, दोन भावांच्या मधला बांध नक्की कुठे ते सांगायचं. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांतून त्यांनी उन्हातान्हात आयुष्य काढलं. ताईला बघायला आले तेव्हा मी शाळेत होते. पोहे खाऊन झाल्यावर पाहुणे एकमेकांशी बोलत होते आणि हे मात्र आमच्या छताकडे टक लावून बघत होते. शेवटी आमच्या वडिलांना म्हणाले, "तुमची ही तुळई या बाजूला थोडी उतरलीय." वडील म्हणाले, असेल. ताईने पदराआड तोंड दाबून हसू आवरलं. मुलगा पसंत आहे का असं रात्री आईने विचारलं, तर म्हणाली, "निदान खोटं बोलणार नाही."

माणूस खरंच तसा होता. बोलणं कमी, तेही बरेचदा नापसंतीचं. टेबल तिरकं असेल, कॅलेंडर एका बाजूला कललेलं असेल, तर त्यांना तिथे बसवायचं नाही. माझ्या लग्नात मांडवाचा एक खांब रांगेच्या बाहेर होता म्हणून त्यांनी मांडववाल्याला वऱ्हाड दारात आलेलं असताना तो उपटून पुन्हा रोवायला लावला. माझे सासरे घाबरले, त्यांना वाटलं काही भांडण झालंय. ताई सगळ्यांना सांगत फिरत होती, "काही नाही हो, आमच्याकडची मोजणी चाललीय!" ती त्यांच्या अगदी उलट. भरपूर बोलणारी, वेळेवर कधीच न पोचणारी. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. कासा-तलासरीच्या बाजूला जीपमध्ये कोंबून बसून, उरलेलं अंतर पायी तोडून पाड्यांवर जायची. तिचे पाय घरात टिकत नसत. भाऊजी म्हणायचे, "हिच्या पायाला भिंगरी लावून पाठवलीय तुम्ही." त्यांच्या तोंडून निघालेलं कौतुक म्हणजे एवढंच.

निवृत्तीनंतर त्यांनी रानशेतच्या जुन्या घरात राहायचं ठरवलं. भाऊजींच्या वडिलांनी बांधलेलं घर, मागे थोडी चिकूची झाडं. भिंती जाड पण विटा कच्च्या आणि गिलावा वाळूसारखा. अधूनमधून आमच्याकडे जमिनीचे हादरे बसतात, त्यांनी भिंतीही जरा सैलावल्या होत्या. पण दोघं आनंदात होती. ताई पाड्यावरच्या बायकांत रमली आणि भाऊजींनी चिकूची झाडं पुन्हा एका ओळीत लावता येत नाहीत याचं दुःख करून घेतलं.

मग ताई पडली. मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी शेवाळावर पाय सरकला आणि पाठीवर आपटली. कासा, मग वापी, मग मुंबई... शस्त्रक्रियाही झाली. पण कमरेखालची शक्ती गेली ती परत आली नाही. ज्या बाईच्या पायाला भिंगरी होती ती खुर्चीला खिळली. भाऊजींनी तिचं सगळं करायला घेतलं. मी जाऊन बघायची तर या माणसाच्या हातात तेलाची बाटली आणि फणी. वेणी घालताना दोन्ही बाजूचे केस सारखे आलेत का ते बघायला ते मागे सरकून डोळे बारीक करत असत.

पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नव्हती. ताईला स्वतः पंखा लावता येत नव्हता. घरातले सगळे बोर्ड उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. खुर्चीतून हात कितीही ताणला तरी बोटं वीतभर खाली राहायची. सुरुवातीला ती हाक मारायची, "अहो, पंखा..." भाऊजी वाडीतून, अंघोळीतून, जेवणावरून उठून यायचे. "आलो" म्हणायचे, पण माणूसच तो, कधी कपाळाला आठी पडायची. ताईने ती आठी बघितली असणार. तिने हाका मारणं हळूहळू बंद केलं. मी एकदा भर उन्हाळ्याच्या दुपारी गेले तर ही पंखा बंद असलेल्या खोलीत घामाने निथळत बसलेली. म्हटलं, अगं, सांगायचं नाही का? तर म्हणाली, "किती वेळा सांगायचं, वासू? दिवसातून किती वेळा माणसाने उजेड मागायचा?" बोलणारी माझी बहीण त्या दिवसांत पार मुकी होत चालली होती.

आणि मग ती संध्याकाळ आली. भाऊजी तिची औषधं आणायला कासाला गेले होते. येताना जीप भरेना, बस आलीच नाही, आणि त्यांना उशीर झाला. जानकी कामं आटोपून तिच्या पाड्यावर परतली होती. घरात अंधार पसरत गेला. ताईने स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि त्याच्या टोकाने बटण दाबायचा प्रयत्न केला. उलथनं हातातून निसटून खुर्चीखाली पडलं. मग ती तशीच बसून राहिली. भाऊजी अंगणात आले तर घर काळंकुट्ट. त्यांना वाटलं, काहीतरी झालं. पिशवी टाकून ते धावत आत शिरले, दाराला ठेचकाळले आणि ओरडले, "सुनंदा! सुनंदा!" अंधारातून ताई म्हणाली, "इथे आहे मी." त्यांनी दिवा लावला आणि भीती उतरल्यावर येतो तसा त्यांना राग आला. "दिवा का नाही लावलास?" ते खेकसले. ताईने नुसतं बटणाकडे बघितलं. भाऊजींनीही बघितलं. मग त्यांनी वाकून खुर्चीखालचं उलथनं उचललं आणि ते हातात धरून बराच वेळ उभे राहिले. हे मला ताईनेच सांगितलं. म्हणाली, "त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, भूक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पीठ मळत होती. भाऊजी आले, त्यांनी तिची खुर्ची भिंतीशी नेली आणि म्हणाले, "हात लांब कर. ताणू नकोस. जिथे सहज पोचतो तिथे बोट लाव." ती म्हणाली, हात पिठाचे आहेत. "असू देत, बरंच आहे." असं प्रत्येक खोलीत झालं. प्रत्येक भिंतीवर तिच्या बोटाचा पांढरा ठसा. मग हे गृहस्थ छिन्नी-हातोडी घेऊन आले. कासाच्या रमण वायरमनला निरोप गेला होता, पण त्याच्या हातात कामं होती, आठवडाभर तरी येता येणार नव्हतं. भाऊजींना आठवडा थांबायचं नव्हतं. "भोकं मी पाडून ठेवतो," त्यांनी फोनवर सांगितलं, "तू येऊन वायरी जोड."

आयुष्यभर ज्याने लोकांच्या बांधांचा इंच न् इंच मोजला त्या माणसाला भिंतीत तळहाताएवढं चौकोनी भोक पाडता येईना. आखणी अचूक होती. पेन्सिलीने काढलेला चौकोन इतका सुरेख की पुसू नये असं वाटावं. पण छिन्नीचा पहिला घाव पडला की गिलाव्याचा ढलपा निघायचा, दुसऱ्याला अर्धी वीट हलायची. चौकोनाची कड सरळ करायला जावं तर ती आणखी खचायची. मी त्या दिवशी तिथे होते. केस, भुवया, मिशी सगळं धुळीने पांढरं झालेलं. "जरा जास्त गेलंय," ते म्हणाले. मी बघितलं तर मधल्या खोलीच्या भिंतीला परातीएवढं खिंडार! सिमेंट कालवून त्यांनी कडा भरल्या. दोन दिवसांनी जमिनीला बारीकसा हादरा बसला, भांडी किणकिणली आणि भरलेलं सिमेंट अखंड वडीसारखं निघून खाली पडलं. भाऊजींनी ते पुन्हा भरलं, ते पुन्हा पडलं.

रमण आला तेव्हा त्याने भिंतीकडे बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "काका, बोर्ड बसवायचा होता की खिडकी?" एरवी भाऊजींशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण ते नुसते म्हणाले, "बसेल ना?" बसले. बटणांचे लोखंडी डबे विटांच्या तुकड्यांनी आवळून बसवले, वरच्या जुन्या बोर्डांपासून खालपर्यंत भिंत खोदून वायरी खाली आणल्या आणि बटणं चालू झाली. पण बाजारात मिळणारी नेहमीची प्लेट लावली तर तिच्या चहूबाजूंनी भोक उघडंच राहायचं. पडक्या दातासारखी फट. तिच्यातून माती झिरपायची, मुंग्या यायच्या, एकदा पालीचं शेपूट बाहेर आलेलं मी पाहिलं.

ताई नीटनेटकी. तिच्या घरात भिंतीला खिळ्याचं भोकसुद्धा उगाच नसायचं. एक दिवस मी तिच्याशेजारी बसले असताना ती त्या फटीकडे बघत म्हणाली, "माझ्यामुळे घराची दशा झाली बघ. माणूस मोडला ते मोडला, आता घरही फोडायला लागलं." ती हळू बोलली होती. पण भाऊजी पलीकडच्या खोलीत होते आणि त्यांनी ते ऐकलं. लगेच बाहेर आले, चपला घातल्या, छत्री घेतली आणि निघून गेले. ताई म्हणाली, "गेले रागावून." आम्ही दोघी जेवलो, पडलो, चहा झाला. त्यांचा पत्ता नाही.

ते आले ते तलासरीहून. हातात पिशवी आणि चेहरा असा की जणू कोर्टात दावा जिंकून आलेत. आधी ते डहाणूच्या बाजारात गेले होते, तिथे काही मिळालं नाही. तलासरीच्या एका दुकानात त्यांनी भोकाचं माप सांगितलं तेव्हा दुकानदार गुजराती-मराठीत म्हणाला होता, "साहेब, भिंत शुं काम भरता? मोटी प्लेट लई जाओ ने. बद्धुं ढंकाई जशे." म्हणजे, भिंत भरता कशाला, मोठी प्लेट न्या, सगळं झाकलं जाईल. नेहमीच्या प्लेटेपेक्षा चांगल्या दुप्पट रुंद कडांच्या, पांढऱ्या, साध्या प्लेटा. दुकानदाराने आतून शोधून काढल्या होत्या. वरच्या रिकाम्या झालेल्या बोर्डांसाठीही बिनभोकाच्या तशाच. ते वाक्य भाऊजींनी आम्हाला त्या दुकानदाराच्या सुरात म्हणून दाखवलं. मी त्यांना कुणाची नक्कल करताना आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

पहिली प्लेट त्यांनी तिथल्या तिथे बसवली. स्क्रू आवळले, मागे सरकले. सगळी फट झाकली गेली होती. भिंत पुन्हा भिंतीसारखी दिसत होती. ताईने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला, आणि म्हणाली, "वाकडी आहे." भाऊजींनी वळून बघितलं. "कुठे वाकडी?" "डावीकडे उतरलीय थोडी." त्यांनी स्क्रू सैल केले, प्लेट तसूभर फिरवली. "आता?" "अजून." "आता?" "हं... आता बसली." मग दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. पडल्यानंतर ताईला मी पहिल्यांदा हसताना बघितलं ते त्या दिवशी.

स्वयंपाकघराचा बोर्ड शेवटी राहिला होता. धुळीने ताईला खोकला येतो म्हणून त्यांनी तिला चार दिवस माझ्याकडे डहाणूला पाठवलं. ती परत गेली तोवर ओट्याशेजारी बोर्ड बसून, मोठी प्लेट लागून, फरशी पुसून सगळं लख्ख झालेलं होतं. "कसं झालं?" तिने विचारलं. "बरं झालं," ते म्हणाले. "थोडंसं जास्त गेलंय, पण झाकलं गेलं."

त्यानंतर ताई परत आली... म्हणजे माझी जुनी ताई. उजेड हातात आल्यावर बाकीचंही आलं. ती स्वतः मिक्सर लावायची, चहा ठेवायची, दुपारी पंखा हवा तेवढा वाढवायची. पाड्यावरच्या बायका पुन्हा येऊन बसू लागल्या. दोघांची भांडणंही पुन्हा पहिल्यासारखी जोरात सुरू झाली. भाऊजी बातम्या ऐकत बसले आणि हिला त्यांचं काही पटलं नाही, की ही खुर्ची वळवून टीव्हीचं बटण बंद करायची. "यासाठी खाली आणलं नव्हतं मी हे!" ते ओरडायचे. "मग वर न्या परत!" ती म्हणायची. मी जायचे तेव्हा सवयीने माझा हात वरच्या कोऱ्या प्लेटेवर जायचा. भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "खाली वासंती, खाली."

शेवटची भेट अशीच झाली. मी चिकू न्यायला गेले होते. निघताना त्यांनी रिक्षापर्यंत पिशवी आणून दिली आणि अचानक म्हणाले, "हिला मी आधी गेलो तर जमेल गं." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता? "नाही, म्हणजे... घरातलं सगळं हाताशी आहे आता तिच्या." पिशवी सीटवर नीट सरळ ठेवली, आणि वळून गेले. मला ते बोलणं तेव्हा नेहमीसारखं मोजमापाचंच वाटलं होतं.

दिवसवार झाल्यावर निखिल आईला पुण्याला घेऊन गेला. त्याचंही बरोबर होतं. एकट्या बाईला, तेही अशा अवस्थेत, रानशेतला ठेवायचं कसं? गुणी मुलगा आहे. त्याने ती पोचायच्या आधी माणसं लावून तिच्या खोलीतले सगळे बोर्ड खाली करून घेतले होते. मशीनने कापलेली भोकं, त्यात चपखल बसलेल्या सुंदर प्लेटा. मी फोनवर विचारलं, बरं आहे ना गं सगळं? "खूप छान केलंय त्याने," ताई म्हणाली. "इतकं सुबक, की भिंतीला कधी काही झालंच नाही असं वाटतं." मी म्हटलं, मग बरंच झालं की. "वासू, मला घरी जायचंय," ती म्हणाली.

निखिलची समजूत काढणं सोपं नव्हतं. तो चिडला, मग रडला. "मावशी, तू तरी सांग तिला," मला म्हणाला. मी काय सांगणार? शेवटी जानकी रात्रंदिवस राहायला तयार झाली, मी आठवड्यातून दोनदा जायचं कबूल केलं, आणि त्यानेच आईला गाडीने रानशेतला आणून सोडलं. उन्हाळ्यापर्यंत बघू, असं ठरलंय.

गेल्या आठवड्यात मी गेले तर स्वयंपाकघरात जळका वास. मिक्सरचा प्लग काळा पडला होता आणि प्लेटेला एका बाजूने तडा गेला होता. रमणला बोलावलं. तो आला, दारात क्षणभर उभा राहिला, भाऊजींच्या फोटोला हात जोडले आणि कामाला लागला. मेन बंद केला आणि प्लेटेचे स्क्रू काढले. प्लेट हातात आल्याबरोबर तिच्यामागून मूठभर माती ओट्यावर सांडली. ताई दारातून बघत होती. तिने जानकीला खूण केली आणि खुर्ची पुढे आणवली.

आत केवढं भगदाड होतं! त्या प्लेटेच्या पार कडेपर्यंत. चारी बाजूंनी विटा खचलेल्या, मधे तो बिचारा डबा कौलाच्या, विटेच्या, फरशीच्या तुकड्यांनी आवळून उभा केलेला, आणि वर सिमेंटचे कितीतरी थर एकावर एक. एक भरला, तो पडला, म्हणून दुसरा, तोही पडला म्हणून तिसरा... चार दिवस हा माणूस एकटा या ओट्याशी काय करत होता ते सगळं तिथे दिसत होतं. ताई बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतेय, म्हणून मी पुढे झाले. तर ती हसत होती. "अगं वासू, बघ तरी! मला म्हणाले होते, थोडंसं जास्त गेलंय!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती ते पुसेना.

रमणने पेचकस ओट्यावर ठेवला. मग जपून म्हणाला, "काकू, आता उघडलंच आहे तर मी हे जाळी मारून नीट भरून देतो. परत पडणार नाही. मग साधी, लहान प्लेट बसेल, दिसायलाही बरी."

"नको रे," ताई म्हणाली. "तशीच मोठी आण. भरू नकोस काही."

तिने हात पुढे केला आणि डब्याच्या बाजूच्या पोकळीत घातला. मनगटापर्यंत गेला. रमणला नवी प्लेट आणायला कासाला जायचं होतं, तो दारापाशी गेला, पुन्हा वळून उभा राहिला. जानकी हातातला झाडू तसाच धरून होती. ताईची बोटं आत सिमेंटच्या खडबडीत थरांवरून हळूहळू फिरत होती... आणि आम्ही कुणीच तिला हात बाहेर काढ म्हटलं नाही.